नैमित्तिक प्राप्ती आणि प्राप्तिकर

बेंगळूरच्या जुन्या पेठेतील रस्त्यांची नावे वाचीत गेले, तर त्या शहराच्या मूळ रचनेची कल्पना येते. बळेपेट ही बांगड्यांची पेठ, अरळेपेट कापसाची, अक्कीपेट तांदळाची, कुंबारपेट कुंभारांची. केंपेगौडाने १५३७ साली हे नगर वसविले, असे मानले जाते. त्या नगरात निरनिराळ्या धंद्यांना निरनिराळ्या वस्त्या होत्या. चिकपेट, म्हणजे धाकटी पेठ, ही त्यांपैकीच एक. १६३८ नंतर बेंगळूर शहाजी राजांच्या जहागिरीत आले, तेव्हापासून या भागाचा मराठी भाषेशी संबंध जडला. आजही जुन्या पेठेत भावसार आणि नामदेव शिंपी समाजांतील अशी कुटुंबे आहेत की ज्यांच्या घरात मराठी बोलली जाते आणि ज्यांचे परंपरागत व्यवसाय कापड रंगविण्याचे, छापण्याचे आणि शिवण्याचे होते. साड्यांच्या, विशेषतः रेशमी साड्यांच्या व्यापाराकरिता चिकपेटेचे नाव सर्वदूर परिचित आहे.

पेठेच्या जुन्या व्यवस्थेत एका माणसाला एक धंदा होता आणि तो कोणता, हे त्याच्या पत्त्यावरूनच समजत असे. आज तसे राहिलेले नाही. चिकपेटेत राहणारा गृहस्थ सकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाला नोकरीवर जातो. सायंकाळी ओळखीच्या दुकानदाराच्या वह्या लिहून देतो, किंवा दिवाळीच्या सुमारास घाऊक भावाने साड्या घेऊन आपल्या सहकाऱ्यांना विकतो. त्याची पत्नी घरी बसून साड्यांना फॉल लावते आणि पदराला गोंडे बांधते. या गोंड्यांना कन्नडमध्ये कुच्चू म्हणतात. अशा रीतीने हाती येणारा पैसा थोडा असतो, अनियमित असतो, आणि त्याची गणना उत्पन्नात करावी असे मिळविणाऱ्याच्या मनातही येत नाही. प्राप्तिकराचे विवरणपत्र भरताना मात्र प्रश्न उभा राहतो: हा पैसा दाखवावयाचा काय? दाखवावयाचा तर कोठे? आणि दाखविला तर कर किती?

नित्य आणि नैमित्तिक

आपल्या भाषेत या पैशाला दोन नावे आहेत. ‘जोडधंदा’ या शब्दात कष्टाचा भाव आहे. ‘वरकमाई’ या शब्दाला मात्र लाचेचा वास येतो. दोन्ही शब्दांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. मुख्य कमाई निराळी आणि ही निराळी. पगार नित्याचा आणि हा पैसा नैमित्तिक. नैमित्तिक प्राप्तीला कर नसतो, हा समज याच भेदातून निर्माण झाला असावा. तो सर्वस्वी निराधार नाही. त्याला एका जुन्या तरतुदीचा आधार होता, परंतु ती तरतूद लोकांना वाटते तेवढी उदार कधीच नव्हती.

हिंदुस्थानात प्राप्तिकर प्रथम लागू झाला तो २४ जुलै १८६० रोजी. सत्तावन्नच्या उठावानंतर रिकामा झालेला खजिना भरून काढण्यासाठी जेम्स विल्सन या अर्थसदस्याने तो सुचविला होता. पुढे १९२२ चा सर्वसमावेशक कायदा झाला. म्हैसूर संस्थानाने १९२३ साली आपला स्वतंत्र प्राप्तिकर कायदा केला, आणि चिकपेट संस्थानाच्या हद्दीत असल्यामुळे १९५० पर्यंत तेथील व्यापाऱ्यांना तोच लागू होता. १९२२ च्या कायद्यात नैमित्तिक आणि पुन्हा न घडणाऱ्या प्राप्तीला सूट दिलेली होती. परंतु त्याच वाक्यात एक अपवाद जोडलेला होता. जी प्राप्ती व्यापारातून, व्यवसायातून, पेशातून किंवा उद्योगातून झाली असेल, तिला ही सूट नव्हती. याचा अर्थ असा की, रस्त्यात सापडलेल्या पैशाला सूट मिळू शकत असे. एकदाच केलेल्या कामाच्या मोबदल्याला ती मिळत नसे.

१९६१ च्या कायद्याने ही सूट पुढे चालविली. १९७२ साली सोडतीची बक्षिसे उत्पन्नाच्या व्याख्येत आणली गेली आणि नैमित्तिक प्राप्तीची सूट वर्षाला १,००० रुपयांपुरती मर्यादित झाली. पुढे ती मर्यादा ५,००० रुपये करण्यात आली. २००२ च्या वित्त अधिनियमाने ही सूट कायमची काढून टाकली. आज नैमित्तिक म्हणून करमुक्त असा उत्पन्नाचा प्रकार कायद्यात उरलेला नाही. १९६१ च्या कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. त्याने भाषा सुटसुटीत केली, ‘कर-वर्ष’ ही एकच संज्ञा आणली, परंतु या बाबतीत मूळ तत्त्व बदललेले नाही.

न्यायालयापुढे आलेली दोन प्रकरणे

उत्पन्न कशाला म्हणावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. १९३२ साली प्रिव्ही कौन्सिलने शॉ वॉलेस कंपनीच्या खटल्यात असे म्हटले होते की, ठराविक उगमातून काहीशा नियमिततेने येणारा पैसा म्हणजे उत्पन्न. झाडाला येणाऱ्या फळाशी आणि शेतातील पिकाशी त्याची तुलना करण्यात आली. पुढील काळात न्यायालयांनी ही कल्पना बरीच विस्तृत केली. आपल्या विषयाला जवळची अशी दोन प्रकरणे येथे सांगण्यासारखी आहेत.

पहिले प्रकरण त्रावणकोर संस्थानातील पी. कृष्ण मेनन यांचे. ते पोलीस खात्यातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते आणि वेदान्ताचे अध्यापन करीत. लेव्ही नावाचा एक इंग्रज शिष्य त्यांची प्रवचने ऐकण्यासाठी येत असे. त्याने वेळोवेळी मोठ्या रकमा त्यांच्या नावावर केल्या. शुल्क ठरलेले नव्हते आणि पैसा मिळविण्याचा गुरूचा हेतूही नव्हता. तरीही १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, वेदान्त शिकविणे हा मेनन यांचा पेशा होता, रकमा त्या शिकवणीमुळेच आल्या, आणि म्हणून त्या करपात्र आहेत. नफ्याचा हेतू नसणे हे पेशा नसल्याचे लक्षण होत नाही.

दुसरे प्रकरण जी. आर. कार्तिकेयन यांचे. त्यांनी अखिल भारतीय महामार्ग मोटार स्पर्धेत भाग घेतला आणि त्यांना एकंदर २२,००० रुपयांची बक्षिसे मिळाली. मोटार स्पर्धेत धावणे हा त्यांचा व्यवसाय नव्हता. मद्रास उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. परंतु १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. कायद्यातील उत्पन्नाची व्याख्या केवळ उदाहरणे देणारी आहे. तिच्या यादीत एखादी प्राप्ती बसली नाही, तरी शब्दाच्या स्वाभाविक अर्थाने ती उत्पन्न असू शकते, असे न्यायालयाने सांगितले.

या दोन्ही निर्णयांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. मिळविणाऱ्याला ते काम किती किरकोळ वाटत होते, तो ते हौसेने करीत होता की गरजेपोटी, एकदा केले की अनेकदा, यांवर करपात्रता अवलंबून नसते. पैसा कशामुळे आला, एवढेच कायदा विचारतो.

कोणते सदर

कायद्याने उत्पन्नाची पाच सदरे केली आहेत: वेतन, घर-मालमत्ता, व्यापार किंवा व्यवसाय यांतील नफा, भांडवली लाभ आणि इतर मार्गांनी होणारे उत्पन्न. बाजूच्या कमाईला स्वतंत्र सदर नाही. ती तिच्या स्वरूपाप्रमाणे या पाचांपैकी एकात बसते, आणि सामान्य करदात्याची चूक होते ती येथेच. थोडा पैसा आहे म्हणून तो सरसकट ‘इतर मार्ग’ या सदरात टाकला जातो.

वास्तविक, मोबदल्यासाठी वस्तू विकणे किंवा सेवा देणे आणि ते पुन्हा पुन्हा करणे हा व्यापार किंवा व्यवसाय होय; मग त्याला पाटी नसो की दुकान नसो. १९५८ साली जी. वेंकटस्वामी नायडू यांच्या पेढीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असेही ठरविले की, विकण्याच्याच हेतूने केलेली एकच खरेदी ‘व्यापारसदृश साहस’ ठरू शकते. बँकेतील ठेवीवरचे व्याज मात्र इतर मार्गांचे उत्पन्न होय. घरातील वापरलेली पैठणी विकली, तर ती वैयक्तिक वापराची वस्तू असल्यामुळे त्या पैशाला भांडवली लाभाचा नियम लागत नाही. परंतु सोन्याचा जुना दागिना विकून लाभ झाला, तर तो भांडवली लाभ ठरतो. दागिन्यांना वैयक्तिक वस्तूंच्या सवलतीतून वगळलेले आहे.

सदर ठरल्यावर विवरणपत्राचा नमुना ठरतो. ‘सहज’ हा सर्वांत सोपा नमुना प्रामुख्याने पगार आणि व्याज यांच्यासाठी आहे. व्यापाराचे उत्पन्न असलेल्याला तो चालत नाही. अशा करदात्याने सविस्तर हिशेबाचा नमुना, किंवा अनुमानित पद्धत स्वीकारली असल्यास ‘सुगम’ हा नमुना भरावयाचा असतो. व्यापाराचे उत्पन्न दाखविताच आणखी एक बंधन येते. केवळ पगारदार माणूस जुनी आणि नवी अशा दोन करपद्धतींमधून दरवर्षी निवड करू शकतो. व्यापाराचे उत्पन्न असणाऱ्याने एकदा नवी पद्धत सोडली की तिच्याकडे परतण्याची संधी त्याला एकदाच मिळते.

एका घराचा हिशेब

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. चिकपेटेत राहणारे एक गृहस्थ खाजगी कंपनीत नोकरी करतात. आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये त्यांचे वेतन १२,४०,००० रुपये आहे. नव्या करपद्धतीप्रमाणे ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट घेतल्यावर ११,६५,००० रुपये उरतात. १२,००,००० रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर पूर्ण करसवलत असल्यामुळे त्यांना काहीही कर द्यावा लागत नाही.

त्याच वर्षी त्यांनी शहरातल्या शहरात, सहकाऱ्यांना आणि शेजाऱ्यांना ४,००,००० रुपयांच्या साड्या विकल्या. त्या साड्यांची खरेदी ३,२०,००० रुपयांची होती. ने-आण, पिशव्या, खराब निघालेला माल यांसाठी आणखी २०,००० रुपये खर्च झाले. हाती राहिले ६०,००० रुपये.

त्यांनी अजाणतेपणी ४,००,००० रुपयांची सबंध विक्री ‘इतर मार्ग’ या सदरात लिहिली, असे समजू. एकूण उत्पन्न १५,६५,००० रुपये होईल आणि अधिभारासह कर १,१९,३४० रुपये. म्हणजे मिळालेल्या नफ्याच्या जवळजवळ दुप्पट! ही रक्कम पाहून माणूस घाबरतो आणि सगळेच लपवावयाचे ठरवितो.

आता तोच व्यवहार योग्य सदरात घालू. नफा ६०,००० रुपये, म्हणून एकूण उत्पन्न १२,२५,००० रुपये. बारा लाखांची मर्यादा नुकतीच ओलांडलेल्या माणसाकडून, मर्यादेवरील रकमेपेक्षा अधिक कर घ्यावयाचा नाही, असा नियम आहे. त्यामुळे कर २५,००० रुपये आणि त्यावर चार टक्के अधिभार १,००० रुपये, असे २६,००० रुपये भरावे लागतील. साठ हजारांतून सव्वीस हजार जाणे हे जड वाटणारच, आणि ते जड नाही असे सांगण्यात अर्थ नाही. मर्यादेच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला बाजूच्या कमाईचा कर सर्वांत अधिक जाणवतो. म्हणूनच त्याच्या बाबतीत खर्चाची प्रत्येक पावती मोलाची ठरते.

छोट्या व्यापाऱ्यासाठी कायद्याने अनुमानित पद्धतही ठेवली आहे. बँकेमार्फत किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर किमान सहा टक्के आणि रोखीच्या विक्रीवर किमान आठ टक्के नफा धरून कर भरता येतो. मग वह्या ठेवण्याचे बंधन राहत नाही. दलाली आणि कमिशन यांच्या उत्पन्नाला मात्र ही पद्धत लागू नाही. लग्नाच्या बस्त्यासाठी गिऱ्हाईक दुकानात नेऊन दलाली घेणाऱ्याला खरा हिशेबच द्यावा लागतो. शिवाय ‘किमान’ या शब्दाकडे दुर्लक्ष करू नये. आपल्याच वहीप्रमाणे नफा पंधरा टक्के दिसत असताना सहा टक्के लिहिणे, हा त्या सवलतीचा सरळ उपयोग नव्हे.

या गृहस्थांच्या पत्नीला फॉल आणि गोंडे यांच्या कामाचे वर्षाला १,४४,००० रुपये मिळाले. धागा, मणी यांवर ३०,००० रुपये खर्च झाले. राहिलेले १,१४,००० रुपये हे तिचे स्वतःचे उत्पन्न आहे, कारण ते तिच्या कौशल्यातून आले आहे. पतीच्या उत्पन्नात ते मिळवावयाचे नाही. पुष्कळ घरांत हा पैसा पतीच्या खात्यात जमा होतो आणि पुढे त्याचाच मानला जातो. तिच्या नावाचे खाते आणि तिच्या नावाची वही असेल, तर कराचा प्रश्न सुटतोच. शिवाय शिलाई यंत्रासाठी कर्ज मागताना तिच्या कमाईचा पुरावाही तिच्या हाती राहतो. ४,००,००० रुपयांच्या आत उत्पन्न असल्याने तिला कर नाही आणि एरवी विवरणपत्राची सक्तीही नाही. तरी स्वेच्छेने ते भरता येते.

लपविणे आणि सांगणे

विवरणपत्रात रक्कम दाखविणे आणि तिच्यावर कर भरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून ध्यानात येईल. याच्याच जोडीला आणखी दोन गैरसमज आढळतात. पहिला असा की, देणाऱ्याने कर कापला नाही, म्हणजे ती रक्कम करमुक्त आहे. उगमस्थानी करकपातीला स्वतःच्या मर्यादा असतात. एप्रिल २०२५ पासून वर्षाला २०,००० रुपयांच्या आतील दलालीवर कपात होत नव्हती, पण दलाली करपात्रच होती. दुसरा गैरसमज याच्या उलट आहे: कर कापला गेला, म्हणजे काम संपले. कापलेली रक्कम ही केवळ आगाऊ जमा असते. हिशेब विवरणपत्रातच पूर्ण होतो.

वर्षाचा देय कर १०,००० रुपये किंवा अधिक होणार असेल, तर आगाऊ कर जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च या महिन्यांच्या पंधरा तारखांपर्यंत हप्त्यांनी भरावयाचा असतो. अनुमानित पद्धतीत तो एकदाच, १५ मार्चपर्यंत भरतात. पगारदार माणसाला यातून एक सोपी वाट आहे. आपले इतर उत्पन्न मालकाला कळविल्यास तो पगारातूनच तेवढा कर कापू शकतो.

पूर्वी बाजूची कमाई कोणाच्या दृष्टीस पडत नसे. आता बँका, कंपन्या आणि नोंदणी कार्यालये यांच्याकडील माहिती करखात्याकडे जमा होते, आणि नोव्हेंबर २०२१ पासून करदात्याला ती ‘वार्षिक माहिती विवरणा’त स्वतः पाहता येऊ लागली. या माहितीची दुसरी बाजू बेंगळूरने जुलै २०२५ मध्ये अनुभवली. कर्नाटकाच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयने जमा झालेल्या रकमांच्या आधारे शहरातील छोट्या व्यापाऱ्यांना वस्तू व सेवा करासंबंधी नोटिसा पाठविल्या. अनेक दुकानदारांनी यूपीआयच्या पाट्या उतरवून रोखीने पैसे घेण्यास सुरुवात केली. ज्यांचा माल करमुक्त होता, अशा भाजीपाला आणि दूध विकणाऱ्यांनाही खुलासा करावा लागला. तो कर निराळा होता, परंतु त्यातून मिळणारा धडा प्राप्तिकरालाही लागू पडतो. खात्याला दिसते ती जमा. तिच्यातून खरेदी किती गेली, खर्च किती झाला, मित्राने परत केलेली उसनवारी कोणती आणि भावाने पाठविलेले पैसे कोणते, हे खात्याला दिसत नाही. ते दाखविणारी वही करदात्याजवळच असावी लागते.

ही वही मोठी असण्याचे कारण नाही. तारीख, कोणाकडून आले, कशाबद्दल आले, त्यासाठी किती खर्च झाला, असे चार रकाने पुरतात. पावत्या एका पाकिटात ठेवाव्यात. बाजूच्या कामासाठी निराळे बँक खाते उघडले, तर निम्मे काम आपोआप होते.

मागील वर्षी एखादी रक्कम राहून गेली असेल, तर तीही सुधारता येते. २०२२ साली ‘अद्ययावत विवरणपत्रा’ची तरतूद झाली आणि २०२५ साली तिची मुदत आकारणी वर्षाच्या अखेरीपासून अठ्ठेचाळीस महिन्यांपर्यंत वाढविण्यात आली. मात्र उशिराची किंमत आहे: पहिल्या वर्षात कर व व्याज यांवर आणखी पंचवीस टक्के, नंतर क्रमाने पन्नास, साठ आणि सत्तर टक्के. उलट, खात्यानेच ती रक्कम शोधून काढली तर कमी दाखविलेल्या उत्पन्नावरील कराच्या पन्नास टक्के, आणि जाणूनबुजून खोटे लिहिल्याचे ठरल्यास दोनशे टक्के दंड होऊ शकतो.

देशभरातील विवरणपत्रांवर प्रक्रिया करणारे केंद्र २००९ साली बेंगळूरमध्येच सुरू झाले. रत्नागिरीचा शिक्षक, बेळगावचा विणकर आणि चिकपेटेतील साडी विकणारा गृहस्थ, या सर्वांची विवरणपत्रे याच शहरात पोहोचतात. तेथील यंत्राला या माणसांपैकी कोणाचीही ओळख नसते. कष्टाची कमाई आणि दडविलेला पैसा यांतील फरक त्याला केवळ आकड्यांवरून कळतो, आणि ते आकडे योग्य रकान्यात लिहिण्याचे काम करदात्याचे स्वतःचे आहे. रात्री दहा वाजता गोंड्याची शेवटची गाठ मारून झाल्यावर त्या बाईने वहीत एक ओळ लिहिली, तर तिला एक मिनिट लागेल. तिची कमाई तिचीच आहे, हे पुढे कोणालाही दाखविण्यास ती ओळ पुरेशी असते.